गाडीचा ब्लोअर बिघडलाय? हीटर आणि एसीच्या पंख्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात हीटर लागतो तो थंडीतल्या पहाटे, नाशिक-महाबळेश्वरकडे किंवा विदर्भात. म्हणून हीटरचा पंखा बिघडला की पुष्कळ जण 'बघू नंतर' म्हणून सोडून देतात. पण पावसाळ्यात समोरच्या काचेवर धरलेली वाफ घालवतो तो हाच पंखा. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात काच आतून पांढरी झाली की त्याची किंमत कळते. खालची उत्तरं मुख्यतः नॉब फिरवून स्पीड बदलणाऱ्या, चार स्पीडच्या छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ऑटोमॅटिक क्लायमेट (हवं ते तापमान ठरवलं की पंखा आपोआप कमी-जास्त होणाऱ्या) आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे प्रश्न वेगळे घेतले आहेत.

हीटरचा ब्लोअर आणि एसीचा ब्लोअर वेगवेगळे असतात का?

नाही. डॅशबोर्डच्या आत एकच मोटर आणि एकच पंखा असतो. तो हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून आणि मग गरजेप्रमाणे हीटरच्या कॉइलमधून ढकलतो. त्यामुळे 'एसी चालतो, पण हीटरचा ब्लोअर गेलाय' असं होत नाही. तसं वाटत असेल तर बिघाड हवेची दिशा बदलणाऱ्या फ्लॅपमध्ये किंवा कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) असतो. मागच्या सीटसाठी वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत मात्र दुसरा ब्लोअर असतो.

तो असतो कुठे?

आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली. तिथे वाकून पाहिलं की काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला गोल मोटर दिसते, तिला दोन जाड वायरींचं कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) असतं. जवळच त्याच डब्यात खोचलेला, स्क्रूने बसवलेला छोटा भाग म्हणजे रेझिस्टर. गॅरेजमध्ये त्याला 'रजिस्टन्स' म्हणतात. त्याची तारेची वेटोळी मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत ठेवलेली असतात, कारण ती तापतात आणि त्यांना गार ठेवायला तोच वारा लागतो. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो. एक, दोन, तीनवर काहीच नाही. मोटर गेली का?

मोटर चालू आहे, रेझिस्टर गेला आहे. एक नंबरवर वीज रेझिस्टरच्या सगळ्या वेटोळ्यांतून जाते म्हणून पंखा हळू फिरतो. दोन आणि तीनवर वेटोळी कमी होत जातात. चार नंबरवर रेझिस्टर पूर्ण वगळला जातो आणि मोटरला सरळ वीज मिळते. म्हणून रेझिस्टर जळाला तरी चार नंबर शाबूत राहतो. तिन्ही स्पीड एकदम गेले असतील तर बहुधा रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा भाग) उडालेला असतो. एखादाच स्पीड गेला असेल तर एखादं वेटोळं तुटलं असेल किंवा नॉबमागच्या स्विचचा पॉइंट जळाला असेल.

उलट प्रकारही होतो: एक ते तीन चालतात, चार नाही. तिथे रेझिस्टरला दोष देऊ नका. स्विच, त्या स्पीडची वायर आणि काही गाड्यांत चार नंबरसाठी असलेला वेगळा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) तपासा.

रेझिस्टर नवीन टाकला होता. काही दिवसांतच पुन्हा जळाला. डुप्लिकेट माल होता का?

असेलही. पण आधी मोटरकडे बघा. रेझिस्टर एकदा जळाला तर तो वय झाल्याने गेला असं मानता येतं. दुसऱ्यांदा लवकर जळाला तर त्याला कोणीतरी जाळतंय.

ते 'कोणीतरी' बहुतेक वेळा मोटरच असते. आतल्या बुशमधलं (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यातलं) वंगण सुकलं, धूळ बसली किंवा गंज चढला की मोटर जड फिरते. जड फिरणारी डीसी मोटर जास्त करंट ओढते आणि तो सगळा करंट एक ते तीन नंबरवर रेझिस्टरमधून जातो. करंट दीडपट झाला तर रेझिस्टरमधली उष्णता सव्वादोन पट होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. वर मोटर हळू फिरत असल्याने वाराही कमी असतो. म्हणजे तापणं वाढलं आणि गार करणारा वारा घटला.

तपासणी सोपी आहे. मोटर बाहेर काढून पंखा बोटाने फिरवा. चांगली मोटर दोन-तीन फेरे सहज घेऊन थांबते. अडकत थांबली, घासल्यासारखी लागली किंवा दांडा बाजूला हलत असेल तर रेझिस्टरवर पैसे घालण्याआधी मोटर करा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर आणखी उत्तम. चार नंबरवर छोट्या गाडीची मोटर साधारण १२ ते २० अँपिअरच्या आसपास घेते. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, पण आकडा फ्यूजच्या मर्यादेला टेकत असेल तर काही तरी जड चाललं आहे एवढं नक्की.

दुसरं कारण तुंबलेला केबिन फिल्टर. इथे एक गैरसमज आहे की फिल्टर तुंबला की मोटरवर ताण येतो. या पिंजऱ्यासारख्या पंख्याचं उलट असतं: हवा अडली की त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तो उलट जोरात फिरतो. पण रेझिस्टरवरून जाणारा वारा घटतो आणि रेझिस्टर तापतो. नुकसान होतं, फक्त वेगळ्या वाटेने.

तिसरं कारण कपलर. जुना रेझिस्टर जळताना कपलरचं प्लॅस्टिक वितळलेलं असतं, आतल्या पिना काळ्या आणि ढिल्या झालेल्या असतात. त्याच कपलरला नवा रेझिस्टर जोडला की ढिल्या पिनेवर उष्णता तयार होते आणि गोष्ट पुन्हा तिथेच येते. वितळलेलं कपलर कापून तेवढ्याच जाडीच्या वायरीसह नवीन लावा. वायरी पिळून वर टेप गुंडाळणं इथे चालणार नाही. नीट क्रिम्प करा किंवा झाळून वर स्लीव्ह चढवा.

मेकॅनिकने थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा झाळून दिला. सगळे स्पीड चालू झाले. काय हरकत आहे?

हरकत आगीची आहे. लगेच काढून टाका.

थर्मल फ्यूज उडाला याचा अर्थ तिथलं तापमान मर्यादेबाहेर गेलं होतं. त्याचं काम त्याने केलं. त्याला वगळलं की पुढच्या वेळी थांबवणारं कोणी नाही आणि आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक, फिल्टरचा कागद आणि साठलेला पालापाचोळा आहे. डॅशबोर्डवरचा मोठा फ्यूजही अशा वेळी वाचवत नाही, कारण तापायला पुरेसा करंट त्या फ्यूजच्या मर्यादेच्या आतलाच असतो.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाही. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा बी या गाड्यांना आगी लागल्या तेव्हा संशय थेट हीटरच्या ब्लोअरवर आला. २०१५ मध्ये कंपनीने दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या आणि रेझिस्टरच्या थर्मल फ्यूजच्या चुकीच्या दुरुस्त्यांकडे बोट दाखवलं. पण तेवढ्याने भागलं नाही. २०१६ मध्ये त्याच गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, कारण पाणी शिरून गंजलेली, अडखळत फिरणारी मोटर हे मूळ दुखणं होतं. ब्रिटिश संसदेच्या परिवहन समितीने याची चौकशी करून २०१७ मध्ये अहवाल दिला. जळालेला भाग का जळाला हे न बघता फक्त तो भाग हाताळला की काय होतं, त्याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

कुठल्याच स्पीडवर ब्लोअर चालत नाही. सुरुवात कुठून करू?

फ्यूजपासून. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघा. ब्लोअरचा फ्यूज बहुतेक गाड्यांत २५ किंवा ३० अँपिअरचा असतो. तो डोळ्यांनी चांगला दिसला तरी मीटरने तपासा, कारण बारीक चीर दिसत नाही. मग रिले. शेजारी तसाच दुसरा रिले असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहा.

दोन्ही ठीक असतील तर मोटरच्या कपलरशी या. कपलर काढू नका, जोडलेलंच ठेवा. इग्निशन चालू, नॉब चार नंबरवर. मल्टिमीटरची काळी पिन गाडीच्या पत्र्याला आणि लाल पिन कपलरच्या मागून एकेका वायरीला लावा.

एका वायरीवर १२ व्होल्ट आणि दुसऱ्या वायरीवर जवळपास शून्य आले, तर मोटरला सगळं मिळतंय आणि तरी ती फिरत नाही. मोटर गेली.

दोन्हींवर शून्य आले, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. मागे फ्यूज, रिले, इग्निशन स्विचकडे जा.

दोन्हींवर १२ व्होल्ट आले, की नवखे लोक गोंधळतात. पुष्कळ जपानी धाटणीच्या गाड्यांत, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत, मोटरला पॉझिटिव्ह सरळ मिळतो आणि स्पीडचा स्विच व रेझिस्टर अर्थच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्हच्या, बाजूला असतात. दोन्हीकडे १२ व्होल्ट म्हणजे वीज मोटरमधून पार झाली, पण पुढे अर्थपर्यंत जायला वाट नाही. चार नंबरवर रेझिस्टर मधे नसतो, त्यामुळे दोष स्विचमध्ये, त्याच्या कपलरमध्ये किंवा बॉडी अर्थच्या नटाखालच्या गंजात असतो. अशा गाडीत मोटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

एक सावधगिरी. कपलर काढून, मोकळ्या टोकांवर मीटर लावून मिळालेल्या १२ व्होल्टवर विश्वास ठेवू नका. गंजलेली पिनसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते आणि भार पडला की कोसळते. मोकळं कपलर तपासायचं असेल तर तिथे ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावून बघा. तो लख्ख पेटला तर लाइन खरी. पिवळट, मिणमिणता लागला तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

फ्यूज बदलला की लगेच उडतो. ३० ऐवजी ४० चा टाकू का?

नाही, कधीच नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. मोठा फ्यूज टाकला की उडण्याची पाळी वायरीवर येते. मोटरचं कपलर काढून फ्यूज घाला. तरी उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे, ग्लोव्ह बॉक्सच्या आसपास आणि उंदराने कुरतडलेल्या जागी शोधा. उडाला नाही तर मोटर जाम आहे किंवा आतून शॉर्ट झाली आहे.

मोटरला खालून हाताने ठोकलं की चालू होते.

कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज देणारे तुकडे) संपत आले आहेत. ठोकल्यावर झिजलेला कार्बन क्षणभर पुन्हा टेकतो. काही दिवस अशी चालेल, आणि मग ठोकूनही चालणार नाही. लांबच्या प्रवासाआधी बघून घ्या.

ब्लोअरमधून आवाज येतो. कशाचा?

आवाज स्पीडबरोबर बदलतो का, ते आधी ऐका. स्पीड वाढवल्यावर फडफड किंवा टकटक वाढत असेल तर पंख्यात पान, कागद किंवा काडी अडकली आहे. वडा-पिंपळाखाली गाडी लावणाऱ्यांना हे हमखास होतं. सकाळी पहिल्यांदा लावल्यावर चिर्र वाजून मग शांत होत असेल तर बुश कोरडं पडलं आहे. सतत घरघर आणि डॅशबोर्डला हादरा असेल तर पंख्याचा तोल गेला आहे. पंख्याच्या कडेला तोल साधायला लावलेली बारीक पत्र्याची क्लिप साफ करताना पडली, तर असंच होतं. ती काढू नका.

ब्लोअर बंद असतानाही टकटक येत असेल तर तो ब्लोअर नाहीच. फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरचा तुटलेला दाता असतो.

सुकलेल्या बुशमध्ये डब्ल्यूडी-४० मारू का?

आवाज थांबेल, पण थोडेच दिवस. पातळ स्प्रे जुनं वंगण धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. शिवाय कार्बनवर गेला की तिथे चिकट काळा थर बसतो. मोटर काढून, बुशला शिलाई मशीनच्या तेलासारख्या साध्या तेलाचे एक-दोन थेंब द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. बुश घासून दांडा हलू लागला असेल तर तेलाचा उपयोग नाही.

ब्लोअरचा आवाज जोरात, पण हवा कमी. असं का?

केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि हाताने निघतो. फिल्टर नसतानाही हवा कमी असेल तर कूलिंग कॉइलच्या तोंडाशी धुळीचं जाड आवरण बसलं असेल. फिल्टर न लावता चालवलेल्या गाड्यांत ते हमखास सापडतं.

एसी लावून तास-दीड तास गेल्यावर हवा हळूहळू कमी होते आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर परत येते, असं असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. तिथे दोष तापमान सेन्सरचा किंवा गॅसचा. ब्लोअर सोडून एसीवाल्याकडे जा.

आणि मोटर नुकतीच बदलली असेल तर ती उलटी फिरत नाही ना, ते बघा. वायरी उलट्या लागल्या तर मोटर विरुद्ध दिशेने फिरते. पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरूनही थोडी हवा त्याच बाजूला ढकलतो, म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही.

हवा भरपूर येते, पण गरम होत नाही.

मग ब्लोअर निर्दोष आहे. हीटरची ऊब इंजिनच्या कूलंटमधून येते. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. गाडी उभी असताना गार आणि रेस दिल्यावर गरम हवा येत असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे.

पातळी ठीक असेल तर इंजिनच्या बाजूने हीटरला जाणाऱ्या दोन नळ्या जपून चाचपा. दोन्ही सारख्या गरम असतील तर फ्लॅप किंवा त्याची केबल अडकली आहे. एक गरम आणि एक कोमट असेल तर हीटरची कॉइल तुंबली आहे. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडा अडकला असेल किंवा मुळात बसवलेलाच नसेल. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय काही गॅरेजना आहे. तसंच गळक्या हीटर कॉइलला वगळून दोन नळ्या एकमेकींना जोडून दिलेल्याही असतात. जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी पाहा.

पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर तेलकट थर आणि गोडसर वास, असं एकत्र आलं तर हीटर कॉइल आत गळते आहे. कार्पेटवर नुसतं साधं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे, आणि हे काम स्वस्तातलं.

माझी गाडी ऑटोमॅटिक क्लायमेटची आहे. ब्लोअर बंदच होत नाही.

या गाड्यांत वेटोळ्यांचा रेझिस्टर नसतो. त्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पात्यांचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ते वेग कमी-जास्त करतं. त्यातला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पंखा पूर्ण वेगाने अडकतो, काही गाड्यांत चावी काढली तरी फिरत राहतो आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते. तात्पुरता उपाय म्हणून ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवा. मॉड्यूल बदलताना वरचाच नियम: मोटर जड आहे का ते आधी बघा. हे मॉड्यूल रेझिस्टरपेक्षा बरंच महाग असतं.

घरी काढता येईल का?

बऱ्याच छोट्या गाड्यांत येतं. ग्लोव्ह बॉक्स उतरवला, कपलर काढलं आणि मोटरचे तीन स्क्रू सोडवले की ती पंख्यासकट खाली येते. काही गाड्यांत मात्र डॅशबोर्डचा भाग उतरवावा लागतो, तिथे हौस आवरा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि काही मिनिटं थांबा. डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या वर एअरबॅग असते. पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, तिथे मीटरही टेकवू नका. काढलेली मोटर बाहेर तपासायची तर बॅटरीवरून फ्यूज असलेल्या वायरीने वीज द्या आणि मोटर घट्ट धरा. सुरू होताना ती हिसका देते.

मोटर दुरुस्त करावी की नवीन घ्यावी?

फक्त कार्बन संपले असतील आणि मोटरचं आवरण उघडणारं असेल, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन बदलून देतो आणि ती बरीच चालते. कम्युटेटरवर (कार्बन जिथे टेकतात त्या गोल भागावर) खोल चर पडले असतील, बुश ढिलं असेल किंवा गंज आत गेला असेल तर नवीन घ्या. वितळलेली आणि जळका वास येणारी मोटर दुरुस्त करून घेऊ नका, भले कोणी वर्षाची हमी देवो.

नवीन घेताना जुनी मोटर दुकानात घेऊन जा. दांड्याची लांबी, कपलर, पंख्याचा व्यास आणि फिरण्याची दिशा हे चारही जुळलं पाहिजे.

दर पावसाळ्यात मोटर का जाते?

वायपरच्या खाली काळी जाळी असते, बाहेरची हवा तिथूनच आत येते. तिच्या खाली पाणी वाहून जायला वाट असते. ती पानांनी बुजली की पाणी साठतं आणि ब्लोअरच्या डब्यात उतरतं. मे महिन्यात ही जाळी उचकून आतला पाला हाताने काढा, वरून मगभर पाणी ओता आणि ते खाली चाकाकडे वाहतं का ते बघा. एवढं करणाऱ्याला ब्लोअरची मोटर क्वचितच बदलावी लागते.

उंदरांचाही रस्ता हाच. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर हवा आतल्या आत फिरवण्याच्या बटणावर ठेवा, म्हणजे बाहेरचा फ्लॅप बंद राहतो.

इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं तसंच असतं का?

पंखा १२ व्होल्टवरच चालतो, त्यामुळे पंखा, फिल्टर, फ्यूज यांची तपासणी तशीच. पण गरम करणारा भाग कूलंटचा नसून मोठ्या व्होल्टेजचा असू शकतो. नारिंगी आवरणाच्या वायरी दिसल्या की हात मागे घ्या आणि कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडे जा.

भर पावसात घाटात ब्लोअर बंद पडला आणि काच धुरकट झाली. आत्ता काय करू?

वेग कमी करा, हेडलाइट लावा आणि सुरक्षित जागा मिळताच बाजूला थांबा. चालत्या गाडीत हाताने काच पुसत राहू नका. हवेचं बटण बाहेरच्या हवेवर आणि नॉब समोरच्या काचेवर ठेवा. गाडी चालू असताना बाहेरची थोडी हवा पंख्याशिवायही आत येते. चारही खिडक्या दोन बोटं उघडा. भिजाल, पण वाफ बाहेर जाईल. नॉब एकदा चार नंबरवर नेऊन बघा, फक्त रेझिस्टर गेला असेल तर पंखा तिथे चालेल. नाही चालला तर मोटरला खालून दोन-तीनदा ठोका. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला, आणि तोही लगेच उडाला तर तिसरा घालू नका. काच कोरड्या सुती फडक्याने पुसून, खिडक्या उघड्या ठेवून सावकाश खाली उतरा.